न झोपणारा राखणदार

शिवकालीन गडांच्या कारभाराविषयी जी माहिती आपल्यापर्यंत आली आहे, तीत एक बारीकशी आज्ञा आढळते. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे हवालदाराने स्वतः बंद करावेत, कुलपे ओढून पाहावीत, किल्ल्या स्वतःजवळ ठेवाव्यात, त्या दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत आणि सकाळी दरवाजे पुन्हा स्वतःच उघडावेत. वास्तविक गडावर माणसांची वाण नसे. कुलूप ओढून पाहण्याचे काम कोणताही पहारेकरी करू शकला असता. तरीही ते गडावरील एका मुख्य अधिकाऱ्याच्या अंगावर टाकलेले आहे, आणि त्यालाही एकट्याला मोकळे सोडलेले नाही. हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे एकाच तोलाचे असून तिघांनी मिळून कारभार करावा, अशी व्यवस्था सभासदाने नोंदविली आहे.

या आज्ञेत दोन कामे एकत्र बांधली आहेत. कुलूप लागले आहे की नाही हे पाहणे, हे एक. आणि ते लागलेले असण्याची जबाबदारी घेणे, हे दुसरे. आपल्या काळात या दोन कामांची फारकत झाली आहे. पाहण्याचे काम यंत्राने उचलले आहे आणि ते माणसापेक्षा कितीतरी चांगले करते, यात शंका नाही. मग दुसऱ्या कामाचे काय झाले, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न हैदराबादेत विचारणे अप्रस्तुत ठरू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉन कंपनीने मुंबईमागोमाग भारतातले आपले दुसरे क्लाउड केंद्र येथे सुरू केले. सुलतान बाजार, काचीगुडा, शालीबंडा येथील आपल्या जुन्या घरांतली नातवंडे आता माधापूर-गच्चीबावलीकडे नोकरीस जातात आणि त्यांतील पुष्कळांचा दिवस या क्लाउडची निगराणी करण्यात जातो. 'क्लाउड' हे नाव मोठे फसवे आहे. त्यात आकाशातले काही नाही. रंगारेड्डी जिल्ह्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या, विजेची अखंड भूक असलेल्या भक्कम इमारती, आणि त्यांतले भाड्याने दिलेले संगणक, म्हणजे क्लाउड. बँकेतल्या लॉकरची उपमा येथे बरीच जुळते. इमारत, भिंती आणि पहारा बँकेचा. पण लॉकरची किल्ली तुम्ही देवघरात ठेवली की उंबऱ्यावर, हे पाहणे बँकेचे काम नव्हे. क्लाउडच्या व्यवहारातही जबाबदारीची हीच वाटणी असते.

किल्ल्या कोठे ठेवल्या, कोणते दार कोणासाठी उघडे आहे, कोणत्या कोठारातले कागद बाहेरच्याला वाचता येतात, कोणाला किती अधिकार दिला आहे, ये-जा करणाऱ्यांची नोंद राहते की नाही, या साऱ्या मांडणीला ते लोक कॉन्फिगरेशन म्हणतात. मोठ्या संस्थेत अशा बारीकसारीक कळा लक्षावधी असू शकतात, आणि कोणतीही कळ एका बोटाने फिरते. परीक्षण चालू असताना कोणी एक दार घटकाभर उघडतो आणि बंद करायचे विसरतो. नव्या माणसाला घाईत चार अधिकार जास्त दिले जातात, ते परत घेण्याची कोणाला आठवण राहत नाही. कोणाच्याही मनात पाप नसताना मांडणी मूळ नियमापासून हळूहळू ढळत जाते.

जुन्या पद्धतीच्या तपासणीला हे ढळणे सापडणे अवघड होते. सरकारी कचेरीची वार्षिक तपासणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. साहेबांचा दौरा आधी कळतो, भिंतींना चुना लागतो, आठ महिने रखडलेल्या नोंदवह्या तीन रात्रींत पुऱ्या होतात आणि सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या दिसतात. तपासणी एका दिवसाची, उरलेले ३६४ दिवस ज्याचे त्याचे. क्लाउडची तपासणी मात्र अशी नाही. ॲमेझॉनने २०१४ साली आणलेल्या 'कॉन्फिग' नावाच्या सेवेचे उदाहरण घ्यावे. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, आधी काय होते व नंतर काय झाले, हे ती टिपून ठेवते. तो बदल लिहिलेल्या नियमाशी ताडून पाहते. आणि जुळत नसेल तर तसा शेरा मारते. तिला दौऱ्याची पूर्वसूचना देता येत नाही, चहा पाजता येत नाही, आणि ती झोपत नाही. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्याला हे सारे ऐकून हेवा वाटावा.

असे असूनही पुढे जे घडले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील कॅपिटल वन ही मोठी बँक २०१५ च्या सुमारास आपला कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवर नेऊ लागली. ती या विषयात मागासलेली नव्हती. क्लाउडमधील मांडणी नियमात आहे की नाही हे सतत पाहणारे आणि नियम मोडलेला दिसताच दुरुस्तही करणारे 'क्लाउड कस्टोडियन' नावाचे साधन याच बँकेच्या अभियंत्यांनी तयार केले आणि २०१६ साली ते सर्वांसाठी खुले केले. कस्टोडियन म्हणजे राखणदार. आज जगभर ते वापरले जाते. मार्च २०१९ मध्ये याच बँकेच्या एका चुकीच्या मांडणीच्या संरक्षक भिंतीतून एक बाहेरची व्यक्ती आत शिरली. त्या भिंतीला तिच्या कामापुरते लागतील त्याहून फार जास्त अधिकार दिलेले होते. देवडीवरच्या शिपायाच्या कमरेला जामदारखान्याची किल्ली असावी तसे. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. बँकेला हे समजले ते जुलैमध्ये, आणि तेही एका त्रयस्थाने ई-मेल करून कळविले म्हणून. राखणदार घडविणाऱ्याच्या घरची चोरी शेजाऱ्याने सांगावी लागली.

ऑगस्ट २०२० मध्ये तेथील बँक नियंत्रकाने या बँकेस ८ कोटी डॉलरचा दंड केला. त्या आदेशातील कारणे वाचताना हे परदेशातले प्रकरण आहे याचा विसर पडतो. क्लाउडवर जाण्यापूर्वी धोक्याचा पुरेसा विचार केला नाही. अंतर्गत लेखापरीक्षेला अनेक उणिवा दिसल्याच नाहीत. ज्या दिसल्या त्या तिने वरच्या समितीपुढे नीट मांडल्या नाहीत. आणि ज्या काही वरपर्यंत पोचल्या, त्यांबाबत संचालक मंडळाने व्यवस्थापनाला जाब विचारला नाही. यंत्राच्या नजरेतून काय सुटले याच्याशी या चौघांपैकी शेवटच्या दोन कारणांचा काडीचाही संबंध नाही. ती माणसांची कारणे आहेत. तपासणीचा शेरा आला, पण तो कोणाचाच झाला नाही.

यंत्र नेमके काय पाहते, याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यंत्र दार पाहते ते नियमाच्या डोळ्यांनी. ज्या दाराविषयी नियमच लिहिलेला नाही, ते त्याच्या लेखी दार नसते. हिरकणीची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल असलेल्या गवळणीने किती विनवण्या केल्या तरी पहारेकऱ्यांनी दार उघडले नाही, आणि ती माउली अंधारात कडा उतरून गेली. कथेत आपले लक्ष आईच्या मायेकडे जाते, ते योग्यच आहे. पण निवृत्त अधिकाऱ्याला खोड असते. त्याला ही कथा तपासणी अहवालासारखीही दिसते. त्या संध्याकाळी दरवाज्यावरची प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे होती. कुलूप लागलेले होते, किल्ल्या जाग्यावर होत्या, पहारेकरी चोख होते. अनुपालन शंभर टक्के. आणि गड मात्र उघडा होता, कारण तो कडा चढता-उतरता येतो हे कोणत्याच जाबत्यात नव्हते. ही उणीव दाखविली ती कोणा तपासनिसाने नाही, नियमामुळे जिची अडवणूक झाली त्या बाईने. कथा पुढे सांगते की महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. इतिहास म्हणून या कथेचा पुरावा मागू नये. पण ज्या समाजाने ती इतकी वर्षे जपली, त्याला दोष दाखविणाऱ्याशी कसे वागावे याची काही एक कल्पना होती, असे म्हणता येते. कडा उतरता येतो असे सांगणाऱ्यावरच आधी खटला भरण्याची रीत अलीकडची आहे.

नियम लिहिलेला असला, पाळल्याची नोंद असली, तरीही आतून तो पोकळ असू शकतो. कोषागारात दुहेरी कुलपाची पद्धत असते. दोन कुलपे, दोन किल्ल्या, दोन अधिकारी. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरीची खोली उघडू नये. नोकरीच्या काळात एका जिल्ह्याच्या ठिकाणी, कचेरीचे नाव येथे अनावश्यक आहे, मी तपासणीस गेलो असता नोंदवही निर्दोष आढळली. रोज दोन सह्या, उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, एकही दिवस चुकलेला नाही. आणि दोन्ही किल्ल्या खोलीबाहेरच्या भिंतीवर एकाच खिळ्याला टांगलेल्या होत्या. "साहेब, रोज दोघांना एकदम वेळ कुठला मिळायचा," असे तेथील वृद्ध कारकुनाने अगदी निरागसपणे सांगितले. रुपयाचीही अफरातफर झालेली नव्हती. नोंदवही पाहणाऱ्या यंत्राने त्या कचेरीला हिरवा दिवाच दिला असता. खिळा पाहायला भिंतीकडे बघणारे कोणीतरी लागते.

आपल्याच शहरातले सत्यमचे प्रकरण याहून कितीतरी मोठे. ७ जानेवारी २००९ रोजी त्या कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखविलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच कंपनीला उत्तम कारभाराबद्दलचा पुरस्कार मिळालेला होता; तो नंतर काढून घेण्यात आला. लेखापरीक्षकांवर अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ मध्ये जो ठपका ठेवला त्याचे सार असे, की बँकेतील शिल्लकेची खातरजमा त्यांनी बँकेकडून थेट करून न घेता कंपनीच्या व्यवस्थापनामार्फत आलेल्या कागदांवर विसंबून केली. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून पुरावा घेतला. क्लाउडच्या तपासणीत हा दोष बराच कमी आहे, कारण तेथे यंत्र थेट कुलपालाच विचारते, कुलूपवाल्याला विचारत नाही. हा फायदा मी मनापासून मान्य करतो. मात्र काय विचारायचे हे कुलूपवालाच ठरवतो.

येथे कोणी म्हणेल, निदान कोणी काय केले याची नोंद तरी पक्की झाली; जबाबदारी आपोआप निश्चित होईल. मला सर्वांत मोठी शंका आहे ती याच ठिकाणी. नोंदीत हात उमटतो, तोंड उमटत नाही. रात्री अकरा वाजता वरिष्ठाचा फोन येतो, ग्राहक खोळंबला आहे, ते दार तेवढे आता उघड, कागदपत्रांचे सकाळी पाहू. सव्वीस वर्षांचा अभियंता दार उघडतो. नोंदीत त्याचे नाव, वेळ, मिनिट, सेकंद, सारे येते. फोनचे काही येत नाही. सहा महिन्यांनी चोरी झाली तर चौकशी त्या नावापाशी येऊन थांबते, आणि यंत्राने दिलेला पुरावा निर्विवाद असल्यामुळे त्याला बाजू मांडायलाही जागा उरत नाही. जुन्या अपुऱ्या नोंदवहीत निदान संशयाला वाव होता.

सरकारी नोकरीत हा रोग फार जुना आहे. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी देणे अपरिहार्य झाले तर त्याने तो लगेच लेखी कायम करावा, असे म्हटले आहे. तरीही माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांना व इतर अनेक निवृत्त अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात न्यायालयाला सांगावे लागले की अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या नोंदवून घ्याव्यात. आमच्यापैकी ज्यांनी कधी 'आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार' या शब्दांनी टिपणी सुरू करण्याचे धाडस केले, त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. खासगी कंपनीतल्या तरुणाला तर असा नियमही पाठीशी नाही. नोकरी बदलणे एवढा एकच मार्ग त्याच्यापुढे असतो.

दुसऱ्या बाजूला ज्याची माहिती जाते तो माणूस. त्याने काही केलेले नसते. त्याने फक्त कर्जाचा अर्ज भरलेला असतो, किंवा रुग्णालयात नाव लिहिलेले असते. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कायदा हवाच होता. पण दंड संस्थेला होतो, नोकरी कनिष्ठाची जाते, आणि ज्याने उघड म्हटले त्याचे नाव कोठेच नसते. दार उघडण्यापूर्वी ज्याला थरथरायला हवे, त्याच्यापर्यंत ही थरथर पोचतच नाही.

गोवळकोंड्याचा किल्ला या नव्या कचेऱ्यांपासून काही किलोमीटरांवर आहे. औरंगजेबाने त्याला सुमारे आठ महिने वेढा घातला. तोफा, सुरुंग, शिड्या, सारे करून पाहिले. सप्टेंबर १६८७ मध्ये किल्ला पडला तो अब्दुल्ला पनी या किल्ल्यातल्याच एका सरदाराने रात्री दार आतून उघडले म्हणून. कुलूप कोणी तोडले नाही. तट शाबूत होता, तो आजही बराचसा शाबूत आहे. ज्याला उघडण्याचा अधिकार आहे त्याच्या मनाची तपासणी कोणत्याही मांडणीत करता येत नाही, हे खरे. परंतु त्याच्या एकट्याच्या मनावर दार अवलंबून राहू नये, एवढे करता येते.

मराठी कारभाराने हे करून पाहिले होते. पेशवाईत मामलेदाराच्या हाताखाली दरकदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी. ते मामलेदाराच्या हाताखाली काम करीत, पण त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. कागद पुढे जायचा तर त्यांच्या खुणा लागत. शिवाय मामलेदाराचा हिशेब देशमुख-देशपांड्यांकडच्या हिशेबाशी ताडून पाहिला जाई. या व्यवस्थेत पुढे वंशपरंपरेचे दोष शिरले, वतनांच्या भांडणांत तिचे मूळ तेज गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यामागचा विचार स्पष्ट होता: जो शेरा मारतो त्याची भाकरी ज्याच्यावर शेरा मारायचा त्याच्या हाती नसावी. आपले नियंत्रक व महालेखापरीक्षक याच कारणासाठी घटनेने सुरक्षित केले आहेत. क्लाउडमधला राखणदार मात्र त्याच व्यवस्थापनाचा नोकर असतो. त्याचा शेरा कोणापुढे जावा, कोणता शेरा दिसू नये, कोणता दिवा कायमचा हिरवा ठेवावा, हे तेच ठरवते. यंत्राची चाकरी सुरक्षित असून उपयोग नाही. त्याचा शेरा वाचणाऱ्या माणसाची असावी लागते.

निजामाच्या राज्यात महालेखापालाला सदर मुहासिब म्हणत. आपल्या जुन्या घरांतल्या काही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात त्या खात्याचे नाव अजून येते. मुहासिब, मुहासबा आणि आपला मराठी हिशेब हे एकाच धातूचे शब्द. सूफी परंपरेत मुहासबा म्हणजे दिवसाच्या शेवटी स्वतःच्या मनाचा घेतलेला झाडा. एकच शब्द जमाखर्चालाही चालतो आणि अंतःकरणालाही, याचे मला फार दिवस कुतूहल वाटत आले आहे. इंग्रजीतून आलेल्या आमच्या 'अनुपालन अहवाला'ला ही दुसरी बाजू नाही. त्यात शेरा, उत्तर, आणि शेरा निकाली, एवढेच रकाने.

या साऱ्याचा व्यवहारात अर्थ काय, असे मी आपल्या मंडळातल्या एका घरातील तरुणाला विचारले. तो एका मोठ्या कंपनीत हेच काम करतो. त्याने सांगितले, नियम तुटलेला दिसला की दोनच गोष्टी करता येतात: मांडणी दुरुस्त करायची, किंवा त्या ठिकाणापुरती नियमातून सूट घ्यायची. सूट घेतली की दिवा हिरवा होतो. दुरुस्तीला दिवस लागतात, सुटीला मिनिट. मग मी विचारले, या सुटींची नोंद कोण वाचतो? यंत्र वाचत नाही, तो म्हणाला, कारण सूट म्हणजेच यंत्राला तिकडे पाहू नकोस असे सांगणे. त्याने स्वतः एका शनिवारी बसून त्यांच्या विभागाची यादी काढली होती. प्रत्येक सुटीला तीन गोष्टी असाव्यात असा त्याचा आग्रह आहे: ती मागणाऱ्याचे नाव, देणाऱ्याचे नाव, आणि ती कोणत्या तारखेला आपोआप संपेल ती तारीख. देणाऱ्याचे नाव म्हणजे ज्याने फोन केला त्याचे, हे त्याने न विचारता सांगितले. वरिष्ठांनी तारखेला होकार दिला आहे. देणाऱ्याच्या नावाच्या रकान्यावर अजून चर्चा चालू आहे.

यादीतली सर्वांत जुनी सूट चार वर्षांपूर्वीची होती. ज्याच्या नावावर ती होती तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला होता: तात्पुरते.